तुलनागटातील स्त्रिया : महाराष्ट्रातील कर्करोगविषयक चिकित्सा-संशोधनाचा एक अध्याय

रोगाचा इतिहास आणि त्या रोगाविषयीच्या संशोधनाचा इतिहास हे दोन्ही एकाच गतीने चालतात असे नाही. कर्करोग हिंदुस्थानात पूर्वापार होता. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचे वर्णन आलेले आहे. तथापि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत येथील वैद्यकीय वर्तुळांत असा समज रूढ होता की, हा रोग मुख्यतः पाश्चात्त्य समाजांचा असून हिंदी लोकांत तो विरळा आढळतो. या समजाचा आधार म्हणजे सरकारी रुग्णालयांतील नोंदी. ज्या देशात बहुसंख्य रोगी रुग्णालयाची पायरी चढल्याविनाच मृत्यू पावत, तेथे रुग्णालयाच्या नोंदवहीवरून रोगाचे प्रमाण ठरविणे म्हणजे विहिरीच्या पाण्यावरून पर्जन्यमान ठरविण्यासारखेच होते. विश्व नाथ व ग्रेवाल या संशोधकांनी १९३५ ते १९३९ या काळात देशातील रुग्णालयांच्या नोंदी व शवविच्छेदनांचे अहवाल एकत्र करून या समजाला पहिला मोठा धक्का दिला. हिंदी माणूस सरासरीने अल्पायुषी असल्यामुळे कर्करोगाच्या वयापर्यंत पोचणारेच थोडे होते. जे पोचत, त्यांना हा रोग होतच असे.

विकसनशील प्रदेशांतील कर्करोग-संशोधनाची मूळ अडचण या आरंभीच्या वादातच दिसून येते. श्रीमंत देशांत संशोधकाला लोकसंख्या, जन्ममृत्यूची नोंद, निदानाची व्यवस्था आणि उपचाराची प्रचलित पद्धत या गोष्टी तयार मिळतात. त्याला फक्त नव्या उपायाची परीक्षा करावयाची असते. गरीब प्रदेशात यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. तेथे परीक्षेची साधनेही संशोधकालाच घडवावी लागतात. शिवाय, नव्या उपायाची तुलना कशाशी करावयाची, हा साधा वाटणारा प्रश्न तेथे नैतिक प्रश्नाचे रूप धारण करतो. या दोन्ही गोष्टींचे दर्शन घडविणारे जे थोडे प्रसंग वैद्यकाच्या अलीकडील इतिहासात सापडतात, त्यांत उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रयोग हा अग्रगण्य होय.

या प्रयोगाची पूर्वपीठिका मुंबईची आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रोगाचे ऊतक-परीक्षण आणि रोग्याची राहणी यांची सांगड घालण्याचा परिपाठ पाडला. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात विशाखापट्टणकडील चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल व टाळूचा कर्करोग, खैनीचा विडा ओठामागे धरण्याची सवय व ओठाचा कर्करोग, तसेच धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेच्या त्वचेवर होणारा कर्करोग, असे तीन प्रकार वर्णिले आहेत. प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक आणि बाहेरचा समाज यांमधील अंतर तोडण्याचा हा आरंभ होता. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. १९६२ मध्ये रुग्णालय व केंद्र दोन्ही अणुऊर्जा विभागाकडे आली आणि १९६६ मध्ये ती एकाच संस्थेत विलीन झाली. अणुशक्तीच्या खात्याने कर्करोगाचे रुग्णालय चालवावे ही घटना वरवर विलक्षण दिसते. किरणोपचाराचे साहित्य आणि संशोधनाला लागणारा दीर्घ मुदतीचा पैसा या दोन्ही दृष्टींनी ती लाभदायकच ठरली.

याहूनही महत्त्वाची घटना १९६३ सालची. डॉ. जस्सावाला यांच्या प्रेरणेने भारतीय कर्करोग संस्थेने मुंबई शहराची कर्करोग-नोंद सुरू केली. एखाद्या रुग्णालयाचे रोगी न मोजता एका निश्चित लोकसंख्येतील सर्व रोगी मोजणारी देशातील ही पहिली नोंद. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे, असे समाजासमाजांतील भेद या नोंदीमुळेच आकड्यांनिशी मांडता आले. १९८२ च्या सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अशा नोंदींचे राष्ट्रीय जाळे विणावयास घेतले. परंतु या सर्व नोंदी शहरांच्या. ग्रामीण भारतासंबंधी अंधारच होता.

तो अंधार प्रथम दूर झाला बार्शीला. सोलापूर जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. मराठवाड्याच्या सीमेवर वसलेले, धान्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध. नर्गिस दत्त यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ साली बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांची ग्रामीण कर्करोग-नोंद सुरू झाली. शहरातील नोंदणी-कारकून रुग्णालये व प्रयोगशाळा फिरून रोगी टिपतो. बार्शीच्या परिसरात टिपण्याजोगी रुग्णालयेच नव्हती आणि ज्याला रोग झाला तो घरीच पडून असे. म्हणून डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने व त्यांचे सहकारी यांनी उलट मार्ग स्वीकारला. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, गावातील जाणत्या माणसांशी संबंध ठेवीत, अंगावरून अवेळी रक्त जाणे, बरी न होणारी जखम, गाठ अशा लक्षणांची चौकशी करीत आणि संशयित रोग्यांना तपासणीसाठी रुग्णालयात येण्यास प्रवृत्त करीत.

या पद्धतीत एक शास्त्रीय गोम होती व ती जाणत्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नाही. जी नोंद लोकांना लक्षणे समजावून सांगते, ती केवळ मोजीत नाही, तर जे मोजावयाचे तेच बदलते. घडलेही तसेच. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रोगी अधिक लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे बार्शीच्या आकड्यांतून दिसून आले. कोणतेही यंत्र नाही, चाचणी नाही, निव्वळ बोलणे आणि येणेजाणे! संख्याशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने हा दोष म्हणावा लागेल. वैद्यकाच्या दृष्टीने तो पहिला निष्कर्ष होता. पुढील प्रयोगासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी यातूनच सिद्ध झाल्या : विश्वसनीय गणना आणि ग्रामस्थांचा विश्वास.

नव्वदीच्या दशकात प्रश्न असा होता. गर्भाशयमुखाचा कर्करोग हळूहळू वाढणारा असून त्याची पूर्वावस्था वर्षानुवर्षे टिकते. तेवढ्या अवधीत ती हाती लागली तर साध्या उपचाराने रोग टळतो. पॅपानिकोलाउ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी-परीक्षणाच्या बळावर फिनलंडसारख्या देशांनी १९६० नंतर या रोगाचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटविले होते. मात्र तेथे ही चाचणी दर काही वर्षांनी पुनःपुन्हा होते, काचपट्ट्या वाचणारे तज्ज्ञ असतात आणि दोष आढळलेली स्त्री हमखास शोधून काढली जाते. भारतात यांपैकी काहीच नव्हते. म्हणून दोन पर्याय पुढे आले. पहिला, गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ घरचा शिरका, लावून मिनिटभराने पांढुरका डाग उमटतो काय हे नुसत्या डोळ्यांनी पाहणे. दुसरा, रोगाचे कारण असलेल्या मानवी पॅपिलोमा विषाणूचा अंश चाचणीने शोधणे. पहिला अतिशय स्वस्त, दुसरा त्या काळी महाग. यांपैकी कोणता उपाय मृत्यू टाळतो, हे कोणालाही निश्चितपणे माहीत नव्हते. कारण पेशी-परीक्षणाचाही प्रसार युरोपात यादृच्छिक वाटणीच्या प्रयोगाविनाच झाला होता.

१९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात या प्रश्नाची परीक्षा आरंभली गेली. फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन, टाटा स्मारक केंद्राचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि बार्शीचे डॉ. नेने व डॉ. जयंत ही त्यातील प्रमुख नावे. आर्थिक साहाय्य मुख्यतः बिल व मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानचे. ४९७ गावांचे ५२ समूह पाडून ते यदृच्छेने चार गटांत वाटण्यात आले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या एकूण १,३१,७४६ निरोगी स्त्रिया या योजनेत आल्या. पहिल्या गटातील स्त्रियांची विषाणू-चाचणी, दुसऱ्यातील स्त्रियांचे पेशी-परीक्षण, तिसऱ्यातील स्त्रियांचे आम्ल लावून निरीक्षण, तेही प्रत्येकी आयुष्यात एकदाच, असा बेत होता. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांसाठी तपासणीची योजना नव्हती. त्यांना मिळेल ती स्थानिक सेवा. हाच तुलनागट.

तपासणी योजलेल्या स्त्रियांपैकी पाचांत सुमारे चार प्रत्यक्ष आल्या. गर्भाशयमुखाची तपासणी हा शब्दही ज्या घरांत उच्चारला जात नसे, त्या घरांतील स्त्रियांच्या बाबतीत हे प्रमाण अनेक श्रीमंत देशांनाही हेवा वाटावा असे आहे. नोंदीच्या निमित्ताने बारा वर्षे चाललेले येणेजाणे येथे उपयोगी पडले असावे.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ च्या एप्रिलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनागटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया मृत्यू पावल्या होत्या. आम्ल-निरीक्षणाच्या गटात ५६, पेशी-परीक्षणाच्या गटात ५४ आणि विषाणू-चाचणीच्या गटात ३४. गट साधारण सारख्या आकाराचे असल्यामुळे हे आकडे सरळ ताडून पाहता येतात. पुढच्या अवस्थेतील कर्करोग तुलनागटात ८२ व विषाणू-चाचणीच्या गटात ३९. एका चाचणीने, तीही आयुष्यात एकदाच केलेल्या, मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. उरलेल्या दोन पद्धतींचा लाभ संख्याशास्त्रीय कसोटीवर सिद्ध झाला नाही. ज्या पेशी-परीक्षणाने युरोपात एवढे यश मिळविले, ते येथे एकवार करून पुरेसे ठरले नाही, याचे आश्चर्य वाटावयास नको. त्या चाचणीचे बळच पुनरावृत्तीत आहे.

कोड्यात टाकणारी बाब आम्ल-निरीक्षणाची. तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात याच पद्धतीचा प्रयोग झाला होता व २००७ च्या अहवालाप्रमाणे तेथे मृत्यूंत ३५ टक्के घट झाली. मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून टाटा स्मारक केंद्राने केलेल्या प्रयोगात, दहावीपर्यंत शिकलेल्या व काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी असे चार वेळा निरीक्षण केले आणि बारा वर्षांनी मृत्यूंत ३१ टक्के घट आढळली. मग उस्मानाबादेतच ते का फसावे? मुंबईत पुनरावृत्ती होती. दिंडिगल येथे एकदाच तपासणी असली तरी दोष दिसताच परिचारिकाच त्याच भेटीत शीतोपचार करू शकत. उस्मानाबादेत या गटातील जवळजवळ १४ टक्के स्त्रिया सदोष ठरल्या. विषाणू-चाचणीत मात्र सुमारे १० टक्के. डोळ्यांनी पाहण्याची कला पाहणाऱ्यावर अवलंबून असते, व तिचा दर्जा सर्वत्र, सर्वकाळ एकसारखा राखणे कठीण, एवढे म्हणावयास हरकत नाही. स्वस्त साधनाचा खर्च साधनात दिसत नाही. तो शिकवण्यात आणि देखरेखीत दडलेला असतो. तिन्ही प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत ही वस्तुस्थिती पुष्कळ समीक्षा-लेखांत सरासरी काढून झाकली जाते. ती झाकली जाऊ नये.

वाद उभा राहिला तो वेगळ्याच मुद्द्यावर. तिन्ही प्रयोगांतील तुलनागटांची बेरीज १,३८,६२४ स्त्रिया होते. यांपैकी उस्मानाबादेत ६४, दिंडिगल येथे ९२ व मुंबईत ९८, अशा २५४ स्त्रिया प्रयोगाच्या काळात या रोगाने दगावल्या. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एरिक सुबा यांनी २०१४ च्या सुमारास हा आकडा पुढे मांडून विचारले की, तपासणीने हा रोग टळतो हे पन्नास वर्षांपासून ज्ञात असता या स्त्रियांना तपासणीविना का ठेवले? मुंबईचा प्रयोग अमेरिकी सरकारच्या पैशावर चालला असल्यामुळे तेथील मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने त्यात लक्ष घातले आणि सहभागी स्त्रियांना पर्यायी तपासण्यांची माहिती पुरेशी दिली गेली नव्हती, असा अभिप्राय दिला.

हा वाद कर्करोगापुरता नव्हता. १९९७ साली आफ्रिका व थायलंड येथील गर्भवतींवरील एड्सविरोधी औषधाच्या प्रयोगांवरून हेच रण माजले होते. हेलसिंकीच्या घोषणेच्या २००० सालच्या आवृत्तीने तुलनेसाठी प्रचलित असलेला सर्वोत्तम उपाय वापरावा असा दंडक घातला. परंतु 'प्रचलित' कोठे? जगात कोठेतरी, की त्या स्त्रीच्या गावी? उस्मानाबादच्या संशोधकांची बाजू अशी की, देशात तपासणीची कोणतीही प्रचलित व्यवस्था नव्हती. तुलनागटाला जे मिळाले तेच प्रयोग झाला नसता तर सर्व जिल्ह्याला मिळाले असते. आणि तुलनागट नसता तर विषाणू-चाचणीचे श्रेष्ठत्व जगाला पटले नसते. हा युक्तिवाद सबळ आहे. किंबहुना पेशी-परीक्षणाचा गट स्वतःच त्याच्या बाजूने साक्ष देतो : जो उपाय 'सिद्ध' म्हणून तुलनागटास द्यावा असे टीकाकारांचे म्हणणे, तो या परिस्थितीत एकवार देऊन सिद्ध झाला नाही. तरीही टीकेचा एक भाग शिल्लक उरतोच. प्रयोग सुरू करताना संशोधकांना उत्तर ठाऊक नव्हते हे मान्य केले, तरी तुलनागटातील स्त्रीला काय सांगितले गेले हा प्रश्न उत्तर ठाऊक असण्यानसण्यावर अवलंबून नाही. अशी तपासणी अस्तित्वात आहे, ती अमुक रुग्णालयात मिळू शकते, हे तिला स्पष्ट समजले असते तर तुलना किंचित दूषित झाली असती. बार्शीच्या नोंदीने तसा दोष पूर्वी पत्करला होता व त्यातून काही स्त्रियांचा लाभच झाला होता. वादाच्या दोन्ही पक्षांनी या जुन्या उदाहरणाकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

निष्कर्षाचे पुढे काय झाले हेही पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत प्राथमिक तपासणीसाठी विषाणू-चाचणीचीच शिफारस केली. तिच्या आधारांत उस्मानाबादच्या प्रयोगाचे स्थान मोठे आहे. भारत सरकारच्या २०१६ च्या कार्ययोजनेने मात्र आम्ल-निरीक्षणाचा स्वीकार केला. चाचणीची किंमत व प्रयोगशाळांचा अभाव ही कारणे उघड आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी या रोगासाठी कधीही तपासणी झालेल्या १.९ टक्केच आढळल्या. तुलनागटाला मिळालेली 'मिळेल ती स्थानिक सेवा' ही वीस वर्षांनंतरही देशातील बहुतेक स्त्रियांची स्थिती होती.

याच क्षेत्रात, याच संशोधक-मंडळाच्या हातून पुढे जो दुसरा प्रयोग झाला त्याचा इतिहास अधिकच चमत्कारिक आहे. विषाणूप्रतिबंधक लसीच्या तीन मात्रांऐवजी दोन पुरतात काय, हे पाहण्यासाठी २००९ साली देशातील अनेक केंद्रांवर १० ते १८ वर्षे वयाच्या मुलींना लस देण्यास प्रारंभ झाला. संकल्प २०,००० मुलींचा. त्याच सुमारास आंध्र व गुजरातमध्ये दुसऱ्याच एका संस्थेच्या लसीकरण-प्रकल्पातील सात मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ उठला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. मात्र वसतिगृहातील मुलींसाठी अधीक्षकांनीच संमती दिल्याचे उघडकीस येऊन संमतीच्या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले गेले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सर्वच प्रयोगांतील लस देणे थांबविले. तोपर्यंत १७,७२९ मुलींना लस टोचली गेली होती, आणि त्यांपैकी ४,९४९ मुलींना पुढील मात्रा न मिळाल्याने एकच मात्रा मिळाली होती. प्रयोग मोडला, असेच सर्वांना वाटले असणार. संशोधकांनी मात्र या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार कर्करोगास मुख्यत्वे कारण असणाऱ्या दोन विषाणू-प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेनेही दोन-तीन मात्रांइतकेच, म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपास, संरक्षण मिळाले होते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे केनियातील यादृच्छिक प्रयोगाबरोबर या मोडलेल्या भारतीय प्रयोगाचाही आधार होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एकमात्रा-गट यदृच्छेने पडलेला नसून सरकारी आदेशाच्या तारखेने पडलेला आहे. आणि लस न घेतलेल्या, तुलनेसाठीच्या स्त्रिया मागाहून निवडाव्या लागल्या. म्हणून खरे उत्तर दीर्घ पाठपुराव्यावरच अवलंबून राहते. तो पाठपुरावा कसा चालतो हेही या प्रदेशाच्या समाजरचनेने ठरविलेले आहे. अविवाहित मुलीच्या गर्भाशयमुखाचा नमुना मागणे येथे अशक्य असल्यामुळे, विवाहानंतर १८ महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर ६ महिन्यांनी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, पहिला नमुना घेण्याचा नियम संशोधकांनी केला. परंतु विवाह झाला की मुलगी सासरी जाते; कित्येकदा अभ्यासाच्या क्षेत्राबाहेर, कधी जिल्ह्याबाहेर. तिला शोधून काढणे, सासरच्यांची समजूत घालणे आणि तिच्या स्वतःच्या संमतीने नमुना मिळविणे हे काम नोंदवही घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांनाच करावे लागते.